एका संख्येचे गणगोत

दोन माणसांचे एकमेकांशी मुळीच पटत नसले म्हणजे त्यांचा छत्तीसचा आकडा आहे असे आपण म्हणतो. कारण उघड आहे. देवनागरीत ३ आणि ६ शेजारी शेजारी लिहिले की ते एकमेकांकडे पाठ फिरवून बसलेले दिसतात. आणि गंमत अशी की ज्या घरात नवराबायकोचा छत्तीसचा आकडा असतो, त्याच घरात लग्नाआधी पत्रिका मांडून छत्तीस गुणांपैकी किती जुळतात हे बोटे मोडून मोजलेले असते! तिथे छत्तीस म्हणजे जुळण्याची पराकाष्ठा. संख्या एकच, बोलण्यात आली की भांडणाची खूण आणि पत्रिकेत आली की सौख्याची.

यात बिचाऱ्या छत्तीसचा काय दोष? तीच संख्या इंग्रजी आकड्यांत लिहा, पाठ फिरवणे संपले. म्हणजे ते भांडण छत्तीसमधले नव्हे, आपल्या लिपीतले. मग छत्तीसचे स्वतःचे असे काय आहे? छत्तीस लाडू परातीत सहा-सहाच्या सहा ओळींत बरोबर चौकोनी मांडता येतात. तेच लाडू पहिल्या ओळीत एक, दुसरीत दोन, तिसरीत तीन असे आठ ओळींपर्यंत मांडले तर नेमका त्रिकोण होतो. हे मात्र कोणत्याही लिपीत, कोणत्याही देशात, लाडवांऐवजी गोट्या घेतल्या तरी खरेच राहते.

एखाद्या गोष्टीविषयी आपण जे बोलतो त्यातले किती तिचे असते आणि किती आपले? हा प्रश्न तसा फार जुना आहे आणि तत्त्वज्ञांनी त्यावर पुष्कळ शाई खर्च केली आहे. मी तत्त्वज्ञ नाही. हायस्कुलातल्या मुलांना तीस वर्षे अंकगणित-बीजगणित शिकवून पेन्शनीत निघालेला एक मास्तर. तेव्हा हा प्रश्न मी माझ्या ओळखीच्या रस्त्याने, म्हणजे एका संख्येचा हात धरून सोडवायला निघतो. वाचकांनी दिवाळीच्या सुटीत चार पावले बरोबर यावे. गणिताची भीती नको. गुणाकार-भागाकारापलीकडे आपण जाणार नाही.

बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करीत चौसष्ट घरे भरायची. राजाचे कोठार रिकामे होते, घरे काही भरत नाहीत. चौसष्ट घरांतल्या दाण्यांची बेरीज १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ इतकी होते. आता समजा, त्या पटाला आणखी तीन घरे जोडली आणि सदुसष्ट घरे भरली. मग एकंदर दाणे होतील १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. हीच आपली संख्या. गणिताच्या भाषेत, २ चा ६७ वा घात वजा १. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. ही संख्या एकवीस आकडी आहे, म्हणजे परार्धाचे नाव घेऊनही ती संपत नाही. चौदाशे पंचाहत्तर परार्ध मोजून झाले तरी काही उरतेच. हिला नाव नाही. आपण तिला सोयीसाठी 'सदुसष्टी' म्हणू.

या सदुसष्टीला जगाने कोणकोणत्या वर्गांत बसवले ते आता पाहू.

पहिला वर्ग अंगरख्यावरून ठरतो. सदुसष्टीच्या एकवीस आकड्यांची बेरीज करा; १०९ येते. या बेरजेने मूळ संख्येला निःशेष भाग गेला असता तर ती 'हर्षद' संख्या ठरली असती. हे सुंदर नाव आपल्याकडचे. नाशिकजवळच्या देवळालीला शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी ते दिले. कापरेकर मास्तरांना आकड्यांचा असा काही नाद होता की एखाद्याला गाण्याचा असावा. ६१७४ या संख्येची त्यांनी दाखवलेली करामत पुष्कळांना माहीत असेल. चारही आकडे सारखे नसलेली कोणतीही चार आकडी संख्या घ्या, तिचे आकडे उतरत्या क्रमाने लिहून त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करा, आलेल्या उत्तराचे पुन्हा तसेच करा. फार तर सात वेळा वजाबाकी केलीत की ६१७४ वर येऊन थांबता. मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने १९७५ साली आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले तेव्हा देवळालीच्या मास्तरांचे नाव जगभर गेले.

सदुसष्टीला १०९ ने भाग जात नाही. ती हर्षद नव्हे. पण हे 'हर्षद' असणे-नसणे कुणाचे? अठरा ही संख्या हर्षद आहे, कारण एक आणि आठ मिळून नऊ आणि नवाने अठराला भाग जातो. आपल्या हातांना दहाऐवजी आठच बोटे असती तर आपण अठरा ही संख्या दोन अष्टके आणि वर दोन, म्हणजे २२ अशी लिहिली असती. बेरीज चार, चाराने अठराला भाग जात नाही. दोन बोटे कमी होताच अठराचा हर्ष मावळला! वस्तू तीच, पण अंगरखा बदलताच वर्ग बदलला. सदुसष्टीचेही तसेच. दशमानात ती गर्दीसारखी विस्कळीत दिसते. पण फक्त एक आणि शून्य या दोनच चिन्हांनी संख्या लिहिण्याची जी पद्धत आजची गणकयंत्रे वापरतात, तिच्यात सदुसष्टी म्हणजे ओळीने सदुसष्ट एक. अंगणात सदुसष्ट पणत्या लावाव्यात आणि मधली एकही विझलेली नसावी, तशी.

अंगरख्यावरून केलेले वर्ग खोटे असतात असे मात्र कुणी समजू नये. कापरेकरांनी त्यातून आनंद काढला आणि तो आनंद खरा होता. फक्त ते वर्ग संख्येचे आणि आपल्या बोटांचे मिळून आहेत, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे झाले.

दुसरा वर्ग गुणदोषांचा. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास निकोमाकस नावाचा ग्रीक गणिती होऊन गेला. त्याने संख्यांची त्यांच्या भाजकांवरून तीन गटांत वाटणी केली. सहाचे स्वतःखेरीज भाजक १, २, ३, बेरीज सहाच. म्हणून सहा 'परिपूर्ण'. बाराचे १, २, ३, ४, ६. बेरीज सोळा, बाराहून जास्त. म्हणून बारा 'विपुल'. आठाचे १, २, ४; बेरीज सात. म्हणून आठ 'न्यून'. इथवर गणित झाले. पण निकोमाकस तेवढ्यावर थांबला नाही. विपुल संख्यांची तुलना त्याने जादा अवयव असलेल्या प्राण्यांशी केली, न्यून संख्यांची एक डोळा किंवा एक हात नसलेल्यांशी. आणि परिपूर्ण संख्या सद्गुणासारख्या विरळा म्हणून गौरविल्या. भाजकांच्या बेरजेतून त्याने शील काढले.

या तराजूत सदुसष्टी कुठे बसते? तिच्या भाजकांची बेरीज तिच्या साधारण एकोणीस कोटीव्या भागाइतकी भरते. म्हणजे ती न्यूनांतली न्यून. पण जरा थांबा. जिला स्वतःखेरीज आणि एकाखेरीज कुणाचाही भाग जात नाही, अशा संख्येला आपण मूळ संख्या म्हणतो आणि गणितात तिच्याइतका मान कुणाला नाही. बाकीच्या सगळ्या संख्या तिच्यासारख्यांच्या गुणाकारातून होतात. या मूळ संख्येच्या भाजकांची बेरीज किती? फक्त एक! निकोमाकसच्या तराजूत तिच्याहून दरिद्री कुणी नाही. एका वहीत जी कुलीन, ती दुसऱ्या वहीत अपंग.

'मूळ' या शब्दावरून मला माझी एक आतेबहीण आठवते. तिचा जन्म मूळ नक्षत्रावरचा. सत्तावीस नक्षत्रांची नऊ-नऊ करून देवगण, मनुष्यगण आणि राक्षसगण अशी वाटणी आहे. मूळ राक्षसगणात, आणि त्यातून मुलगी मूळ नक्षत्रावरची असली तर सासऱ्याला वाईट, अशी समजूत. ताई दिसायला नीटस, स्वभावाने शांत, हाताला चव अशी की तिच्या चकल्या आळीत प्रसिद्ध. पण पत्रिका गेली की तिच्यामागून नकार यायचा. पाच स्थळे अशी परतली. सहाव्या स्थळाचे गृहस्थ पत्रिका न उघडताच आत्याला म्हणाले, "वहिनी, माझी साठी झाली. ही पोर माझे आयुष्य खाणार खाणार म्हणजे किती खाणार?" लग्न झाले. ते गृहस्थ पुढे एक्याण्णवाव्या वर्षी, सुनेच्या हातचे दूध-पोहे खाऊन दुपारी झोपले ते उठले नाहीत. यावरून मी ज्योतिष खोटे ठरवीत नाही. एका उदाहरणाने काही ठरत नसते, हे गणिताच्या मास्तराला कळते. मी एवढेच म्हणतो की पाच घरांनी ताईला पाहिलेच नव्हते. त्यांनी तिचा गण पाहिला होता.

आता तिसरा वर्ग, घराण्याचा. आणि सदुसष्टीची खरी कथा इथून सुरू होते.

इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास युक्लिडने एक सुरेख गोष्ट सिद्ध केली. दोनाचा एखादा घात घेऊन त्यातून एक वजा केल्यावर जर मूळ संख्या आली, तर तिच्यापासून परिपूर्ण संख्या तयार करता येते. दोनाचा तिसरा घात आठ, वजा एक सात; सात ही मूळ संख्या, म्हणून ४ गुणिले ७, अठ्ठावीस, ही परिपूर्ण. पाचवा घात बत्तीस, वजा एक एकतीस. म्हणून १६ गुणिले ३१, ४९६, परिपूर्ण. दरिद्री मूळ संख्येच्या पोटी परिपूर्ण संख्या जन्मावी, हे निकोमाकसच्या तराजूवर काळाने केलेले भाष्यच म्हणायचे.

तेव्हा प्रश्न असा पडला की दोनाचे कोणते घात वजा एक मूळ संख्या देतात? घात जर विभागता येणारा असेल, समजा सहा, तर संख्या नक्की फुटते. त्रेसष्ट म्हणजे सात नवे. म्हणून घात मूळ असला पाहिजे. पण तेवढ्याने भागत नाही. अकरावा घात वजा एक म्हणजे २०४७. अकरा मूळ असूनही ही संख्या २३ गुणिले ८९ अशी फुटते. पॅरिसमधील मारँ मर्सेन या ख्रिस्ती मठवासी विद्वानाने १६४४ साली एका ग्रंथात जाहीर केले की २५७ पर्यंतच्या घातांपैकी २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ एवढेच मूळ संख्या देतात. यादीत सदुसष्ट होते. झाले! आपली सदुसष्टी कुलीन ठरली.

मर्सेन हा काही लबाड माणूस नव्हता. त्या काळच्या युरोपातल्या मोठमोठ्या गणितज्ञांशी त्याचा पत्रव्यवहार होता आणि ज्ञानाची देवाणघेवाण त्याच्या मठातल्या खोलीतून चाले. पण एवढ्या संख्या तपासणे कुणाच्याही हातात नव्हते. यादीत पाच चुका निघाल्या. दोन संख्या नको त्या शिरल्या होत्या. ६१, ८९ आणि १०७ या तीन घातांच्या खऱ्या मूळ संख्या बाहेर राहिल्या होत्या. मात्र हे कळायला फार काळ गेला. २३२ वर्षे सदुसष्टीचे नाव त्या यादीत होते आणि कुणाला ते खोडता आले नाही.

१८७६ साली एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने ते खोडले. कसे, ते पाहण्यासारखे आहे. ल्युकाची पद्धत पुढे लेमर या अमेरिकन गणितज्ञाने १९३० साली अधिक सोपी केली. त्या सोप्या रूपात ती आठवीतल्या मुलालाही करता येईल. चारापासून सुरुवात करा. वर्ग करा, दोन वजा करा, तपासायच्या संख्येने भागून बाकी तेवढी ठेवा. हेच पुन्हा पुन्हा, घातापेक्षा दोन कमी इतक्या वेळा. शेवटी बाकी शून्य आली तर संख्या मूळ. नाही तर नाही. एकतीस तपासू. घात पाच, म्हणून तीन वेळा. चाराचा वर्ग सोळा, वजा दोन चौदा. चौदाचा वर्ग १९६, वजा दोन १९४, एकतिसाने भागून बाकी ८. आठाचा वर्ग चौसष्ट, वजा दोन बासष्ट, बाकी शून्य. एकतीस मूळ!

आता २०४७ ला हीच परीक्षा लावली तर नऊ फेऱ्यांनंतर बाकी १७३६ उरते. शून्य नाही, म्हणजे २०४७ मूळ नव्हे. पण या १७३६ कडे कितीही टक लावून पाहिले तरी त्यात २३ दिसत नाही आणि ८९ ही दिसत नाही. निकाल मिळाला, तो बिनचूक आहे, त्यावर अपील नाही. आणि तरीही संख्या कशाची बनली आहे याविषयी आपण निकालापूर्वी जितके अंधारात होतो तितकेच अजून आहोत. ल्युकाने सदुसष्टीविषयी नेमके असेच केले. ती मूळ नाही हे त्याने दाखवले. तिचा एकही भाजक त्याच्या हाती नव्हता.

पुढची सत्तावीस वर्षे सदुसष्टी अशी राहिली. यादीतून काढलेली आणि कुणीही न ओळखलेली.

३१ ऑक्टोबर १९०३ रोजी न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची सभा होती. कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक फ्रँक नेल्सन कोल यांचा निबंध होता. त्या सभेचे वर्णन एरिक टेंपल बेल या गणितज्ञाने १९५१ च्या आपल्या पुस्तकात केले आहे. कोल मितभाषी. ते काही न बोलता फळ्याकडे गेले आणि दोनाचा सदुसष्टावा घात खडूने मांडू लागले. तो झाल्यावर त्यातून एक वजा केला. मग फळ्याच्या मोकळ्या बाजूला जाऊन त्यांनी १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ या दोन संख्यांचा गुणाकार शाळकरी पद्धतीने, ओळीखाली ओळ लिहीत, केला. दोन्ही उत्तरे एकच आली. सभेत टाळ्यांचा कडकडाट झाला. कोल एक शब्दही न उच्चारता जागेवर जाऊन बसले आणि कुणी त्यांना प्रश्न विचारला नाही. विचारायचे काय शिल्लक होते? पुढे बेलने त्यांना विचारले की हे काढायला किती काळ लागला. उत्तर आले, तीन वर्षांतले रविवार.

या तीन वर्षांच्या रविवारांविषयी मी पुष्कळ विचार केला आहे. कोल यांनी नवीन निकाल दिला नाही. सदुसष्टी मूळ नाही हे सत्तावीस वर्षांपूर्वीच ठरले होते आणि कोल उठून फळ्याकडे गेले नसते तरी ते खोटे ठरले नसते. मग त्यांनी काय केले? त्यांनी 'ही अमुक नाही' या वाक्याच्या जागी 'ही अशी आहे' हे वाक्य ठेवले. वर्ग आणि ओळख यांत जे अंतर आहे ते एवढेच आहे. पण ते ओलांडायला तीन वर्षांचे रविवार पडतात.

इथे कुणी म्हणेल, मास्तर, म्हणजे वर्ग सगळे टाकून द्यायचे की काय? मुळीच नाही. सदुसष्टीचे घराणे माहीत होते म्हणूनच तिचा शोध शक्य झाला. दोनाच्या सदुसष्टाव्या घातातून एक वजा केलेल्या संख्येचे मूळ भाजक १३४ ने भागले असता बाकी एकच उरते, असा नियम आहे. कोलच्या दोन्ही संख्यांना हा नियम लावून पाहा, बाकी एक उरेल. म्हणजे घराण्याची खूण आत, अगदी हाडापर्यंत, गेलेली असते. ती खूण धरून चालणाऱ्याला लक्षावधी नको त्या वाटा आधीच बंद करता येतात. पण खूण धरून चालावे लागते. नुसत्या या नियमाने एक-एक पायरी चढत गेले तर लहान भाजक चौदा लाख पंचेचाळीस हजार पाचशे ऐंशीव्या पायरीवर भेटतो. कोल यांनी याहून चतुर वाट काढली, तरी चालणे चुकले नाही. घराणे हे शोधाचे दार आहे. दारातच उभे राहून आतले सगळे पाहिले असे म्हणणे, हा अपराध.

आणि तो अपराध संख्येच्या बाबतीत घडला तर कुणाचे काही बिघडत नाही, हेही सांगितले पाहिजे. २३२ वर्षे मर्सेनच्या यादीने सदुसष्टीला मूळ म्हटले. तेवढ्याने ती मूळ झाली नाही. ल्युकाने नाव खोडले. त्याने ती खचली नाही. निकोमाकसच्या अनुयायांनी तिला हातपाय नसलेली म्हटले असते तरी तिचा एक आकडाही हलला नसता. संख्या नावाने बदलत नाहीत. माणसे बदलतात. सगळी मेख इथे आहे.

आपल्या शाळांत एका अक्षराची शिवी आहे, 'ढ'. ब्राह्मी लिपीपासून आजपर्यंत बाकीची अक्षरे बदलत गेली आणि ढ आहे तसाच राहिला, म्हणून ज्याच्यात काही फरक पडत नाही तो ढ, असे म्हणतात. मी एका गावच्या शाळेत असताना पाचवीत एक मुलगा होता. पाढे चुकायचे, तोंडी गणिते चुकायची, शुद्धलेखन तर विचारू नये. तिसरीपासून त्याला ढ म्हणत आणि गुणपत्रकावरचे आकडे त्याला दुजोरा देत. निकालात खोट नव्हती. लावली ती परीक्षा योग्य होती आणि बाकी शून्य येत नव्हती. आमच्या चित्रकलेच्या मास्तरांच्या तासाला मुलांनी गप्प बसून चित्र काढायचे असे. त्यामुळे मास्तरांना मुलांकडे बघायला वेळ मिळे. त्यांच्या लक्षात आले की हाक मारली की हा मुलगा मान वळवून उजवा कान पुढे करतो. डावीकडून मारलेली हाक त्याला पोचतच नाही. त्याला मागल्या बाकावर, डाव्या अंगाला वर्ग येईल असे बसवलेले होते. फळ्यावर लिहिलेली गणिते तो बरोबर सोडवी; सांगितलेली चुकवी. तीन वर्षे हे दोन्ही कागदांवर दिसत होते. मास्तरांनी त्याला पहिल्या बाकावर, खिडकीकडल्या टोकाला आणून बसवले.

तो पुढे फार मोठा झाला असे सांगितले म्हणजे गोष्ट गोड होईल. पण तसे काही झाले नाही. तो चारचौघांसारखा पास होत गेला. मात्र पहिल्या बाकावर बसल्यानंतरही कितीतरी दिवस तो येत असलेले उत्तर द्यायला हात वर करीत नसे. कान डावा होता. पण ढ हा शब्द त्याने उजव्या कानाने नीट ऐकला होता.

व्यवहारात माणसांचे वर्ग पाडल्यावाचून चालत नाही, हे मला मान्य आहे. डॉक्टरला रोगाचे नाव लागते, शाळेला इयत्ता लागते, रांगेला क्रमांक लागतो. प्रत्येकासाठी तीन वर्षांचे रविवार कुणाजवळ आहेत? हा आक्षेप खरा आहे आणि त्याचे संपूर्ण उत्तर माझ्याजवळ नाही. पण एवढे मला कळते की ल्युकाने निकाल दिला तेव्हा त्याने सदुसष्टीला ओळखल्याचा दावा केला नाही. 'मूळ नाही' एवढेच तो म्हणाला. 'कशी आहे' ही जागा त्याने कोरी ठेवली. ती कोरी होती म्हणूनच कोलला ती भरता आली. आपण मात्र माणसाविषयी निकाल देतो आणि ती कोरी जागाही त्याच शाईने माखून टाकतो. राक्षसगण म्हटले की स्वभाव आला, ढ म्हटले की भविष्य आले, अमक्या आळीतला म्हटले की दानत आली. सगळ्यांना ओळखणे माणसाच्या हातात नसेल. जागा कोरी ठेवणे नक्की आहे. नीतीची सगळी पुस्तके बाजूला ठेवून मला एकच नियम करायला सांगितला, तर मी हा करीन.

कोल निवृत्त झाले तेव्हा सोसायटीच्या दीर्घ सेवेबद्दल त्यांना एक रक्कम भेट मिळाली. ती त्यांनी स्वतः ठेवली नाही. तिच्यातून सोसायटीने पारितोषिक सुरू केले. आजही बीजगणितातल्या आणि संख्या-सिद्धांतातल्या उत्तम कामाला 'कोल पारितोषिक' मिळते. त्यांनी तीन वर्षे ज्यासाठी घालवली ते काम आजचे गणकयंत्र पापणी लवायच्या आत करते. पण म्हणून अंधार संपला असे नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सदुसष्टीच्याच घराण्यातली, चार कोटी दहा लाखांहून अधिक आकडी एक मूळ संख्या जाहीर झाली. आणि त्याच घराण्यातल्या एका धाकट्या, अवघ्या ३८५ आकडी संख्येचे, म्हणजे २ चा १२७७ वा घात वजा १ हिचे, काय झाले होते? ती मूळ नाही हे ठरलेले होते. पण जगातली सगळी यंत्रे हाताशी असून त्या वर्षापर्यंत तिचा एकही भाजक कुणाला सापडला नव्हता. चार कोटी आकड्यांवर निकाल देता येतो आणि तीनशे पंच्याऐंशी आकड्यांची ओळख पटत नाही! निकाल स्वस्त होत जातात; ओळखीचा भाव काही उतरत नाही.

दिवाळीच्या सुटीत घरात एखादे चौकस मूल असेल तर त्याला कोलचा तो गुणाकार कागदावर करायला द्यावा. नऊ आकडी संख्येने बारा आकडी संख्येला गुणायचे. चिवड्याचे बोकाणे भरीत भरीत केले तर दुपार जाईल. उत्तर चुकले की नाही ते पाहायला जुना नवाचा ताळा आहेच. पहिल्या संख्येच्या आकड्यांची बेरीज ३७, तिची १०, तिची १. दुसऱ्या संख्येची ६४, तिची १०, तिची १. एक एके एक. आणि सदुसष्टीची १०९, तिची १०, तिचीही १. ताळा जमला तरी गुणाकार बरोबर असेलच असे नाही, हे मुलाला आवर्जून सांगावे. ताळा हाही एक वर्गच. बरोबर आहे की नाही हे कळण्यासाठी ओळीखाली ओळ पुन्हा एकदा तपासावी लागते. मूल कंटाळून उठले तर उठू द्यावे. न उठले तर त्याला हाक मारू नये.